कोकणात ऑनलाइन मधुमेह कार्यक्रम आखताना नकाशा कसा तयार करावा

दाभोळ आणि धोपावे ही दोन गावे वाशिष्ठीच्या खाडीवर समोरासमोर वसलेली आहेत. एका काठाला दापोली तालुका आहे आणि दुसऱ्या काठाला गुहागर. संगणकावर दाभोळभोवती पाच किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर धोपावे अलगद त्यात येते आणि नव्याने काम सुरू करणारा माणूस असे धरून चालतो की दाभोळला उभारलेली सोय धोपाव्याच्या लोकांनाही मिळणार. फेरीबोट चालू आहे तोवर हे खरेही असते. बोट बंद असते त्या वेळी मात्र तेच अंतर चिपळूणच्या बाजूने वळसा घालून तोडावे लागते आणि त्यात अर्धा दिवस जातो. आम्ही पहिला नकाशा केला तेव्हा अशीच वर्तुळे काढली होती, आणि खाडीपलीकडचे रुग्ण ठरलेल्या तपासणीला का येत नाहीत, याचा उलगडा आम्हाला बऱ्याच दिवसांनी झाला.

जे डॉक्टर, आरोग्य अधिकारी, संस्थांचे कार्यकर्ते किंवा विद्यार्थी रत्नागिरी, सिंधुदुर्ग वा रायगडच्या किनारपट्टीवर मधुमेहाचा ऑनलाइन कार्यक्रम प्रथमच उभारत आहेत, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. मधुमेह कोठे जास्त आहे, हे नकाशाने सांगावे अशी बहुतेकांची अपेक्षा असते. माझ्या अनुभवात त्याहून मोलाची गोष्ट नकाशा सांगतो, ती म्हणजे कोणत्या वाडीपर्यंत कार्यक्रमाचा कोणता भाग पोचेल आणि कोणता वाटेतच अडेल. पुढील सर्व पायऱ्या याच दृष्टीने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: फोनवर काय होईल आणि काय होणार नाही, हे आधी लिहून काढावे

नकाशाला हात लावण्यापूर्वी एका कागदावर दोन रकाने करावेत. पहिल्या रकान्यात दूरून होणारी कामे लिहावीत: घरच्या ग्लुकोमीटरवरील नोंदी पाहणे, औषधाच्या मात्रेचा फेरविचार करणे, आहाराविषयी बोलणे, गोळ्यांची आठवण करून देणे आणि रुग्णाच्या शंका ऐकून घेणे. दुसऱ्या रकान्यात माणूस किंवा रक्ताचा नमुना प्रत्यक्ष पोचल्याशिवाय न होणारी कामे येतात. निदान पक्के करणे, तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी चाचणी, मूत्रपिंडाच्या तपासण्या, डोळ्यांचा पडदा पाहणे आणि तळपायाची संवेदना तपासणे ही ती कामे होत. उपाशीपोटी शिरेतील रक्तात साखर प्रति डेसिलिटर १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असणे, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक असणे, हे मधुमेहाचे निकष आहेत आणि लक्षणे नसतील तर तपासणी पुन्हा करून निदानाची खात्री करावी लागते. शिबिरात बोटाला सुई टोचून आलेल्या एका आकड्यावरून कोणाला मधुमेही ठरवू नये.

तळपायाच्या तपासणीला येथे अधिक महत्त्व द्यावे लागते. लावणीच्या दिवसांत माणसे तासन्‌तास अनवाणी चिखलात उभी असतात, आणि ज्याच्या पायाची संवेदना कमी झाली आहे त्याला काटा किंवा जांभ्याचा धारदार तुकडा रुतलेला कळतही नाही. व्हिडिओवर जखम दिसते, पण संवेदना गेल्याचे दिसत नाही. म्हणून वर्षातून किमान एकदा प्रत्येक रुग्णाचे पाय हातात घेऊन पाहणारे कोणीतरी हवे, आणि ते कोठे बसणार, हे नकाशावर दिसायला हवे.

पहिल्या रकान्यातील कामांना २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झालेली टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात. रुग्णाची ओळख, त्याची संमती, सल्ल्याची नोंद आणि कोणते औषध कोणत्या प्रकारच्या सल्ल्यात लिहिता येते, याचे नियम त्यांत आहेत आणि ते कार्यक्रमातील प्रत्येकाने वाचलेले असावेत. शासनाच्या ई-संजीवनी सेवेत उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून दूरच्या डॉक्टरांशी जोडून देऊ शकतात. ती सोय ज्या उपकेंद्रात सुरळीत चालते तेथे वेगळी यंत्रणा उभारण्यापेक्षा तिलाच धरून पुढे जाणे शहाणपणाचे ठरते.

दुसरी पायरी: गावाचा ठिपका सोडून वाडीपर्यंत उतरावे

नकाशासाठी क्यूजीआयएस ही विनामूल्य संगणक प्रणाली पुरेशी आहे. तालुक्यांच्या व गावांच्या सीमा, रस्ते, नद्या आणि खाड्या हे थर आधी मिळवावेत. प्रत्येक गावासमोर त्याचा स्थानिक शासन निर्देशिकेतील सांकेतिक क्रमांक लिहावा, कारण केवळ नावावर विसंबल्यास घोटाळे होतात. नांदगाव कणकवली तालुक्यात आहे आणि मुरूड तालुक्यातही आहे. पाली रत्नागिरीजवळ आहे आणि सुधागडातही आहे. शिवाय एकाच गावाचे नाव वेगवेगळ्या कार्यालयांत वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेले आढळते.

कोकणातील खरी अडचण याच्या पुढची आहे. देशावरचे गाव बहुधा एका ठिकाणी दाटीने वसलेले असते, त्यामुळे नकाशावरचा एक ठिपका त्याचे बऱ्यापैकी प्रतिनिधित्व करतो. कोकणातील महसुली गाव मात्र दहा-बारा वाड्यांमध्ये विखुरलेले असते. एखादी वाडी खाडीकाठी असते, दुसरी सड्यावर म्हणजे उंचावरच्या कातळी माळावर, तिसरी डोंगराच्या कुशीत आणि चौथी पऱ्ह्याच्या म्हणजे ओढ्याच्या पलीकडे, जिथे पावसाळ्यात साकवावरूनच, म्हणजे लहान पायपुलावरूनच, जावे लागते. गावाचा ठिपका ग्रामपंचायतीच्या इमारतीवर पडला, तर या साऱ्या वाड्यांची अवस्था डांबरी रस्त्याला लागून असलेल्या मुख्य वाडीसारखीच आहे असा समज होतो.

वाड्यांची तयार यादी सहसा एका ठिकाणी मिळत नाही, ती करावी लागते. आशाताईंच्या सर्वेक्षणाच्या वह्या, अंगणवाडीच्या नोंदी, मतदारयादीचे भाग आणि पाणीपुरवठ्याच्या योजना यांतून नावे जमवावीत. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, त्यामुळे जुन्या वहीतील आणि नव्या कागदावरील नाव वेगळे असू शकते. दोन्ही नावे आपल्या अंतर्गत तक्त्यात ठेवावीत, मात्र छापील नकाशावर नवीनच नाव घालावे. त्यानंतर गावाचा मोठा नकाशा छापून आशाताई, उपकेंद्राची परिचारिका (एएनएम), पोस्टमन आणि एखादा रिक्षावाला यांना एकत्र बसवावे आणि त्यांच्याकडून वाड्या, पायवाटा, साकव आणि बसथांबे पेनाने काढून घ्यावेत. या एका दुपारी जेवढे कळते तेवढे उपग्रहाच्या चित्रातून महिनाभरात कळत नाही. पुढे आशाताईंबरोबर प्रत्येक वाडीत जाऊन मध्यावरच्या एखाद्या सार्वजनिक जागेची, जसे की मंदिर, विहीर किंवा शाळा, यांची जीपीएस नोंद घ्यावी. रुग्णाच्या घराची नोंद घेऊ नये.

लोकसंख्येचे आकडे वापरताना सावध राहावे. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना हे दोन जिल्हे आटले, कारण कमावते वय मुंबईकडे जाते आणि मागे वृद्ध, स्त्रिया व मुले राहतात. रत्नागिरीत २०११ मध्ये १,००० पुरुषांमागे १,१०० हून अधिक स्त्रिया होत्या. म्हणजे येथील मधुमेह कार्यक्रमाचा रुग्ण बहुतेकदा साठीच्या पुढची एकटी राहणारी बाई असते, आणि ही गोष्ट ॲपची अक्षरे किती मोठी असावीत इथपासून सर्व काही ठरवते.

तिसरी पायरी: रोगाचे प्रमाण दाखवण्याआधी तपासणीचे प्रमाण दाखवावे

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी अभ्यासाचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की भारतातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आणि पूर्वमधुमेहाचे, म्हणजे साखर वाढलेली पण मधुमेहाच्या निकषाखाली असण्याचे, १५.३ टक्के आहे. राज्यांमध्ये सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, आढळले. सिंधुदुर्गाचे दोडामार्ग, सावंतवाडी आणि वेंगुर्ले हे तालुके गोव्याला लागून आहेत, तेथील माणसे रोजगारासाठी गोव्यात जातात, खाणेपिणेही बरेचसे मिळतेजुळते आहे. तरीसुद्धा गोव्याचा आकडा या तालुक्यांना लावता येत नाही, तसाच महाराष्ट्राचा सरासरी आकडाही लावता येत नाही. असे आकडे काळजी घेण्याची जाणीव देतात, एवढाच त्यांचा उपयोग.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, १५ वर्षांवरील स्त्री-पुरुषांची रक्तशर्करा जिल्हानिहाय मोजली गेली. त्यात १४१ ते १६० मिलिग्रॅम हा वरचा आणि १६० च्या पुढचा हा फार वरचा स्तर मानला आहे. ही मोजणी दिवसातील कोणत्याही वेळी बोटाच्या रक्तावर केलेली असल्याने ते निदान नव्हे, पण जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करण्यास ती उपयोगी आहे. मात्र जिल्ह्याचा आकडा घेऊन त्यातील सगळे तालुके एकाच रंगात रंगवण्याची चूक करू नये. तसा नकाशा आपल्याजवळ नसलेले ज्ञान असल्याचा देखावा करतो.

तालुक्याखालील चित्र स्थानिक तपासणीतूनच मिळते. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ३० वर्षांवरील सर्वांची तपासणी अपेक्षित आहे, आणि आशाताई घरोघरी सीबॅक नावाचा अर्ज भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि कुटुंबातील आजार यांचे गुण असतात आणि एकूण गुण चारच्या वर गेल्यास त्या व्यक्तीला तपासणीसाठी प्राधान्य मिळते. जिल्हा आरोग्य यंत्रणेच्या परवानगीने या नोंदींची गावनिहाय बेरीज मिळू शकते.

त्या बेरजेवरून थेट रंगीत नकाशा केल्यास काय होते, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहावे. समजा, रस्त्यालगतच्या वाडीत तीस वर्षांवरील ५०० जणांपैकी ४०० तपासले आणि ५६ जणांत मधुमेह आढळला, म्हणजे १४ टक्के. डोंगरातल्या वाडीत ३०० पैकी केवळ २० तपासले आणि ४ आढळले, म्हणजे २० टक्के. रंगीत नकाशात डोंगरातली वाडी गडद लाल दिसेल. एक रुग्ण कमी सापडला असता, तर तीच वाडी १५ टक्क्यांवर येऊन पहिलीच्या शेजारी बसली असती. त्या वाडीविषयी खरी बातमी २० टक्के ही नसून २८० माणसे अजून कोणी तपासलेलीच नाहीत, ही आहे. उलट, जिथे शिबिरे झाली तिथे रुग्णसंख्या फुगलेली दिसते आणि पुढचे शिबिरही पुन्हा तिथेच ठेवले जाते. म्हणून पहिला नकाशा ‘किती टक्के लोक तपासले’ याचा असावा, रोगाच्या प्रमाणाचा नकाशा पुरेशी तपासणी झालेल्या गावांपुरताच करावा, आणि उरलेली गावे पांढरी सोडावीत. पांढरी जागा पाहून वरिष्ठ अस्वस्थ होतात, पण ती अस्वस्थता उपयोगाची असते.

आणखी एक गोष्ट येथे सांगणे आवश्यक वाटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की भारतीय माणूस दिसायला सडपातळ असूनही त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण जास्त असू शकते. कोकणातील काटक शरीराच्या माणसाला मधुमेह होणार नाही, असा समज रुग्णांत आहे आणि कार्यकर्त्यांतही आहे. वजनावरून जोखीम न ठरवता कंबर मोजावी. पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात.

रुग्ण उपचारासाठी कोठे जातात, याचाही एक थर करावा. सावंतवाडीकडचे रुग्ण गोव्यातील बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, वैभववाडीचे घाट चढून कोल्हापूरला जातात, आणि मंडणगड-दापोलीचे बरेच जण मुलाकडे मुंबईला गेले की तेथेच तपासून घेतात. जिल्ह्याच्या नोंदीत ते कोठेच दिसत नाहीत, म्हणून ते नाहीत असे होत नाही.

चौथी पायरी: किलोमीटर पुसून वेळ लिहावी

प्रत्येक वाडीपासून उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, रक्त तपासणीची प्रयोगशाळा, औषधाचे दुकान आणि रात्री उघडे असणारे रुग्णालय यांपर्यंत लागणारा वेळ मोजावा. डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे, तथापि लोकसंख्येच्या हिशोबात बरोबर बसणारे उपकेंद्र खाडीच्या चुकीच्या काठावर असू शकते. दाभोळ ते धोपावे, जयगड ते तवसाळ, वेशवी ते बागमांडला अशा फेरीबोटी जेथे चालतात, तेथे पहिल्या व शेवटच्या बोटीची वेळ नकाशावर लिहावी आणि त्या मार्गाचा वेळ दोनदा मोजावा, एकदा बोट धरून आणि एकदा बोट नाही असे समजून. एसटीचेही तसेच आहे. मुक्कामी गाडी सकाळी निघते आणि संध्याकाळी परतते, म्हणून दहा मिनिटांच्या रक्ततपासणीसाठी माणसाचा सबंध दिवस मोडतो. उपाशीपोटी तपासणी सांगितलेल्या वृद्धाला पहिल्या गाडीने आल्यावर प्रयोगशाळा उघडेपर्यंत किती वेळ उपाशी राहावे लागते, हे वेळापत्रक शेजारी ठेवून पाहावे. जो इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरवणारी गोळी घेतो, त्याच्यासाठी ती वाट पाहणे धोक्याचे असते.

पावसाळ्याचा नकाशा वेगळा करावा. कुंभार्ली, आंबा, करूळ, फोंडा आणि आंबोली या घाटांत दरड कोसळली की कोल्हापूर-कराडकडून येणारी माणसे व माल अडतो. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले तेव्हा बाजारपेठ बुडाली, आणि बाजारपेठेत औषधाची दुकानेही असतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन ते दापोलीपर्यंतची वीज आणि फोन अनेक दिवस बंद पाडले. ऑनलाइन कार्यक्रमाचा आधार तुटतो तो नेमका अशा दिवशी. म्हणून पुराच्या पट्ट्यातील आणि वादळाच्या तोंडावरील वाड्या वेगळ्या खुणेने दाखवाव्यात, तेथील इन्सुलिनवरच्या रुग्णांची यादी मे महिन्यातच करावी, आणि त्यांच्या घरी महिनाभराची औषधे पाऊस लागण्यापूर्वी पोचवावीत. वीज गेल्यावर इन्सुलिन कोठे ठेवायचे, हेही त्याच वेळी समजावून सांगावे. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते, बर्फाच्या कप्प्यात कधीच ठेवायची नसते, आणि फ्रीज नसेल तर ओलसर ठेवलेल्या मातीच्या मडक्यात कोरडी डबी ठेवून बराच गारवा राखता येतो. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांना कोकणातील दमट हवा बाधते, त्यामुळे डबीचे झाकण क्षणभरही उघडे राहू नये.

पाचवी पायरी: रेंज अंगणात उभे राहून तपासावी

मोबाइल कंपन्यांच्या नकाशावर रंगवलेला प्रदेश आणि माणसाच्या पडवीत मिळणारी रेंज यांत मोठी तफावत असते. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार संकेतस्थळावरून जवळचे मनोरे पाहता येतात. पण कोकणात मनोरा जवळ असूनही मधे डोंगराची सोंड आली की वाडी कोरडी राहते. अनेक वाड्यांतील माणसे फोन करण्यासाठी सड्यावर चढतात आणि तेथील एखादा दगड किंवा आंब्याचे झाड हीच रेंजची जागा म्हणून सर्वांना ठाऊक असते. गुडघे दुखणाऱ्या सत्तरीच्या बाईने व्हिडिओ कॉलसाठी सडा चढावा, अशी अपेक्षा कार्यक्रमाला करता येणार नाही.

म्हणून वाडीत जाऊन मोजणी करावी. निदान दोन कंपन्यांची सिमकार्डे जवळ ठेवून अंगणात, घराच्या आत आणि वाडीतल्या सार्वजनिक जागेत कॉल लावून पाहावा, आणि हीच मोजणी सकाळी, रात्री जेवणाच्या वेळी आणि शक्य असल्यास पावसात पुन्हा करावी. रात्री आठ-नऊच्या सुमारास सारा गाव मालिका आणि व्हिडिओ पाहत असतो, त्यामुळे सकाळी चालणारा कॉल रात्री तुटतो. मोजणीनंतर वाड्यांचे तीन गट पडतात. घरातून व्हिडिओ चालेल अशा, साधा आवाजी कॉलच चालेल अशा, आणि घरातून काहीच चालणार नाही अशा. पहिल्या गटात डॉक्टर थेट रुग्णाशी बोलतील. दुसऱ्या गटात साखरेचे आकडे आशाताई कळवतील आणि डॉक्टर साध्या कॉलवर सल्ला देतील. तिसऱ्या गटासाठी आठवड्यातील एक ठरलेला वार आणि उपकेंद्रासारखी रेंज असलेली एक ठरलेली जागा निवडावी, किंवा आशाताईंनी वाडीतील नोंदी कागदावर घेऊन रेंज असलेल्या जागेवरून पाठवाव्यात. तीनही गटांना एकच ॲप देऊन मोकळे होणे हे माझ्या मते अशा कार्यक्रमांच्या अपयशाचे सर्वांत मोठे कारण आहे.

रेंजइतकाच महत्त्वाचा प्रश्न फोन कोणाच्या हातात असतो, हा आहे. ‘घरात स्मार्टफोन आहे का’ असे विचारले की उत्तर बहुधा ‘हो’ असे येते. ‘सकाळी दहा वाजता तो कोणाकडे असतो’ असे विचारल्यावर कळते की सूनबाई कामाला जाताना तो बरोबर नेतात, किंवा नातवाच्या अभ्यासासाठी तो ठेवलेला असतो, आणि आजींकडे बटणांचा फोन असतो. तपासणी अर्जात हा दुसरा प्रश्न घालावा. मुंबईत असलेल्या मुलाला किंवा मुलीला रुग्णाच्या संमतीने त्याच कॉलवर जोडून घेता आले, तर फार फरक पडतो. औषधाचे पैसे तेच पाठवत असतात, आणि आई काय खाते याची काळजीही तेच करत असतात.

सहावी पायरी: नकाशाला पंचांग जोडावे

कोकणात माणसे वर्षभर एकाच जागी नसतात. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी गावी येतात आणि वाडीची वस्ती काही दिवस कित्येक पटींनी वाढते. हा चाळिशी-पन्नाशीतला माणूस मुंबईत धावपळीत असतो आणि स्वतःची साखर त्याने कधी मोजलेली नसते. गावी निवांत असताना त्याची तपासणी करणे सोपे असते, आणि पुढचा पाठपुरावा ऑनलाइन असल्याने तो मुंबईला परतल्यावरही तुटत नाही. ऑनलाइन कार्यक्रमाचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. मात्र त्याच्या नोंदीत गावचा आणि मुंबईचा असे दोन पत्ते ठेवावेत आणि वाडीच्या टक्केवारीत त्याला मिसळू नये.

लावणीच्या दिवसांत, म्हणजे जून-जुलैमध्ये, दुपारचा कॉल कोणी उचलत नाही. बागायती गावांत मार्च ते मे हे आंब्याचे दिवस कामाचे असतात आणि खाण्याचेही. मच्छीमार वस्तीत १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात पुरुष घरी असतात, म्हणून हर्णै, मिरकरवाडा किंवा मालवणसारख्या बंदरांवरील तपासणी त्या दोन महिन्यांत ठेवावी. आंब्याच्या बागांत राखणीला आणि मासेमारी नौकांवर खलाशी म्हणून असलेले नेपाळी कामगार कोणत्याच वहीत नसतात. त्यांची वस्ती नकाशावर दाखवावी आणि त्यांच्यासाठी हिंदी बोलणारा कार्यकर्ता नेमावा.

आहाराचा सल्लाही या पंचांगाशी आणि जागेशी जुळलेला असावा. सकाळी पेज आणि दोन्ही वेळा भात खाणाऱ्या माणसाला ‘भात सोडा, पोळी खा’ असे सांगितले, तर तो सल्ला त्याच दिवशी विसरला जातो. भाताची वाटी लहान करून बांगडा, तारली, कुळीथ आणि पालेभाजी वाढवणे त्याला पटते आणि जमते. नाचणीची भाकरी चांगली, पण नाचणीची पातळ आंबील साखर बऱ्यापैकी वाढवू शकते, हे ग्लुकोमीटरवर त्याचे त्यालाच पाहू द्यावे.

सातवी पायरी: सुरुवातीची गावे निवडावीत आणि धोक्याची वाट आधी आखावी

आता तपासणीचे प्रमाण, लागणारा वेळ, रेंज आणि वस्तीचे वय हे थर एकमेकांवर ठेवावेत. त्यांना गुण देऊन एकच बेरीज करण्याचा मोह होतो, पण त्या बेरजेत कारण हरवते. एक वाडी रेंजमुळे मागे असते आणि दुसरी बोटीमुळे, आणि दोघींचे उपाय वेगळे असतात. सुरुवातीसाठी एकाच प्राथमिक आरोग्य केंद्राखालची पाच-सहा गावे घ्यावीत आणि त्यांत तीनही गटांतील वाड्या असाव्यात. केवळ चांगली रेंज असलेली गावे घेतली, तर कार्यक्रम यशस्वी दिसतो आणि पुढच्या वर्षी डोंगरात जाऊन थांबतो.

पहिला कॉल होण्यापूर्वी प्रत्येक वाडीसाठी एक पानाची तातडीची योजना तयार असावी. साखर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. तो बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नये आणि १०८ ला फोन करावा. साखर ३०० च्या पुढे असून उलट्या, जोराचा श्वास किंवा गुंगी असेल, अथवा पायाची जखम काळी पडू लागली असेल, तर ती कॉलवर सोडवण्याची गोष्ट नव्हे, रुग्णालय गाठावेच लागते. रुग्णवाहिका वाडीत कोठपर्यंत येते, तेथून रुग्णाला खुर्चीत किंवा डोलीत आणण्यास किती माणसे लागतात, आणि रेंज नसेल तर फोन करायला कोण पळेल, हे त्या पानावर लिहिलेले असावे आणि ते पान रुग्णाच्या घरी लावलेले असावे.

आठवी पायरी: कोणाचाही आजार नकाशावरून ओळखू येऊ नये

पंधरा घरांच्या वाडीत ‘मधुमेहाचे २ रुग्ण’ असे छापले, की ते दोघे कोण हे साऱ्या गावाला कळते. मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांत अशा माहितीचा वापर होतो, आणि मग पुढच्या तपासणीला कोणी येत नाही. बाहेर दाखवायच्या नकाशावर रुग्णाच्या घराचा ठिपका कधीही नसावा, लहान वाड्या शेजारच्या वाडीत मिळवून आकडे द्यावेत आणि पाचपेक्षा कमी असलेली संख्या छापू नये. व्यक्तींची यादी आणि नकाशाची माहिती दोन वेगळ्या संगणकीय फाइलींत, वेगळ्या पासवर्डखाली ठेवावी. रुग्णांच्या याद्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याची सवय अनेक ठिकाणी आहे, ती पहिल्या दिवसापासून मोडावी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे आणि संमती घेताना माहिती कशासाठी हवी, कोण पाहील आणि ती काढून टाकण्यास कसे सांगावे, हे रुग्णाला त्याच्या बोलीत समजावून सांगणे हे आपले काम आहे.

नववी पायरी: वर्षातून दोनदा नकाशा सुधारावा

एक सुधारणा मे महिन्यात करावी आणि दुसरी भातकापणी आटोपल्यावर. मेमध्ये फेरीबोटींचे आणि एसटीचे पावसाळी वेळापत्रक, वाहून जाणारे साकव आणि इन्सुलिनवरील रुग्ण तपासावेत. कापणीनंतर नवे मनोरे, नवे रस्ते, बदललेल्या आशाताई आणि गावी परतलेली किंवा मुंबईला गेलेली कुटुंबे पाहावीत. याच वेळी प्रत्येक वाडीतील किती कॉल लागले, किती मधेच तुटले, किती जणांची एचबीए१सी झाली आणि किती जणांचे पाय तपासले, हे नकाशावर उतरवावे. एचबीए१सीचा आकडा वाचताना स्त्रियांमधील रक्तक्षयाने तो चुकीचा दिसू शकतो, हे लक्षात ठेवून हिमोग्लोबिनही पाहावे.

सुधारलेला नकाशा मोठ्या आकारात छापून उपकेंद्राच्या भिंतीवर आशाताईंच्या हाताला येईल अशा उंचीवर लावावा आणि शेजारी दोरीला पेन्सिल बांधून ठेवावी. साकव मोडला, रेंज गेली, दुकान बंद झाले, की ज्याला कळेल त्याने तिथेच तारीख घालून लिहावे. जुना नकाशा टाकून न देता मागे वर्ष लिहून जपून ठेवावा, कारण कोणत्या वाडीतून रुग्ण तुटत गेले आणि कोणत्या महिन्यात तुटले, हे दोन-तीन वर्षांचे पेन्सिलीने लिहिलेले नकाशे शेजारी ठेवल्यावरच दिसते.